साचा कुणाचा? वर्गणीतून होणाऱ्या बॉडी किटच्या नकलेचे विवेचन

मोटारीच्या मूळ अंगावर बाहेरून चढवायचे पुढचे-मागचे बंपर, दारांखालचे साइड स्कर्ट, चाकांवरचे फ्लेअर आणि मागचा स्पॉयलर, या संचाला बॉडी किट म्हणतात. इंजिनाला तो हात लावत नाही, फक्त गाडीचा चेहरा बदलतो. जपानच्या लिबर्टी वॉकसारख्या कंपन्यांनी अशा चेहऱ्यांचा जगभर बाजार उभा केला. जिथे मूळ वस्तू परवडत नाही तिथे तिच्या नकलेचा दुसरा बाजारही मागोमाग उभा राहिला. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या बाजारातल्या एकाच प्रकारापुरते आहे. एकाच मॉडेलची गाडी असलेल्या हौशी लोकांनी वर्गणी काढायची, एक अस्सल किट मागवायचा, त्यावरून साचा काढायचा आणि ज्याने त्याने आपापला नग न्यायचा, असा हा प्रकार.

आमचे म्हणणे असे की, या व्यवहारात लोकांना वाटते आपण बंपर घेतोय, प्रत्यक्षात ते साचा घेत असतात. बंपर ज्याच्या त्याच्या गाडीला लागतो आणि विषय संपतो. साचा मात्र सगळ्यांच्या पैशाचा असतो आणि एकाच्या शेडमध्ये पडून राहतो. गट फुटतात ते यावरून.

विवेचनाला जागा हवी म्हणून आटगाव घेऊ. कसारा लाइनीवरचे, आसनगावच्या पुढचे हे स्टेशन. तानसा तलावाकडे जाणारे इथे उतरतात. जुन्या आग्रा रोडलगत औद्योगिक संकुल आहे, शेड भाड्याने मिळते. भिवंडीची गोदामे त्याच रस्त्यावर आहेत, आणि त्याच रस्त्याने पुढे गेले की इगतपुरीत महिंद्राची इंजिने बनतात व नाशकात गाड्या. फायबरच्या कामाला टेम्पो वळेल एवढे अंगण, खेळती हवा आणि वासाची तक्रार न करणारे शेजारी लागतात. मुंबईत या तिन्ही गोष्टी महाग आहेत, शहापूर-मुरबाडकडे अजून तरी मिळतात. शिवाय गिऱ्हाईकही इथलेच आहे. तालुक्यात बोलेरो, स्कॉर्पिओ आणि थार या गाड्यांना वाहनापेक्षा जास्त मान आहे, हे लग्नाच्या हंगामात कोणत्याही मांडवासमोर उभे राहिले की कळते.

आयातीचा हिशेब

नक्कल का होते, याचे उत्तर बहुतेक जण ‘लोक कंजूष आहेत’ असे देतात. ते खरे नाही. नकलेचा जन्म भाड्यात आणि करात आहे.

बंपर ही वजनाने हलकी आणि आकाराने अवजड वस्तू. कुरिअरवाले अशा मालाचे वजन तराजूवर करत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येईल तो आकडा किलो म्हणून धरतात. १८० बाय ६० बाय ५० चे खोके घेतले तर गुणाकार ५,४०,००० येतो, म्हणजे १०८ किलो. आतला माल पाच-सहा किलोचा असला तरी भाडे १०८ किलोचे. आता समजा किटची किंमत ६०,००० रुपये आणि भाडे किलोला २५० रुपये, म्हणजे २७,०००. सीमाशुल्क नुसत्या किमतीवर बसत नाही, भाडेही त्यात धरतात, मात्र विमानाने आलेल्या मालाचे भाडे किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे इथे १२,०००. म्हणजे आकारणी ७२,००० वर. त्यावर १५ टक्के मूळ शुल्क १०,८००. त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार १,०८०. या सगळ्याच्या बेरजेवर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पर्यंत तो २८ टक्के होता, आता १८ टक्के आहे, तो होतो १५,०९८. किट दारात येईपर्यंत साठ हजारांचे जवळजवळ एक लाख चौदा हजार झालेले असतात. गिऱ्हाईक हवेचे भाडे देते आणि त्या हवेवर करही देते.

कराने किट जन्माला घालणे ही काही आपल्याकडची खोड नाही. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर होता आणि सुट्या भागांच्या संचावर नव्हता, म्हणून ती गाडी संचाच्या रूपात विकली जाई आणि लोक घरच्या गॅरेजमध्ये जोडत. १९७३ मध्ये तिकडे व्हॅट आला, ती सवलत गेली आणि त्याच वर्षी लोटसने त्या गाडीचे हक्क केटरहॅमला देऊन टाकले. तोच साधा, उघडा आकार पुढे आपल्या कोकणात आला. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने तसल्या घाटाची रोडस्टर बनवली, अंग फायबरचे आणि इंजिन इसुझूचे १.८ लिटरचे, अँबेसडरमध्ये बसत असे तेच. गोव्यातल्या सॅन स्टॉर्मचेही तेच: फायबरचे अंग, आत रेनोचे १.२ लिटर इंजिन. या दोन्ही गाड्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. पत्रा दाबायच्या पोलादी डायला कोट्यवधी रुपये लागतात आणि ते हजारो गाड्यांवर वाटावे लागतात. फायबरचा साचा मात्र थोड्या नगांतही पैसे फेडतो. वर्गणीचा गट नकळत याच तत्त्वावर उभा असतो.

किती जण?

गटाचा खर्च दोन जातींचा असतो. अस्सल किट आणि साचा हा एकदाच होणारा खर्च, माणसे कितीही असोत. रेझिन, मॅट, मजुरी, घासकाम आणि फिटिंग हा दर नगाचा. समजा पहिला दोन लाख आणि दुसरा नगामागे पंधरा हजार. पाच जण असतील तर प्रत्येकी पंचावन्न हजार पडतात. दहा असतील तर पस्तीस, वीस असतील तर पंचवीस, चाळीस असतील तर वीस हजार.

पाचाचे दहा झाले की प्रत्येकाचे वीस हजार वाचतात. विसाचे चाळीस झाले तरी पाचच हजार. अकरावा माणूस आला की आधीच्या दहांचे प्रत्येकी सुमारे १,८१८ रुपये कमी होतात, एकविसावा आला की जेमतेम ४७६. म्हणजे सुरुवातीला जो तो माणसे ओढून आणतो आणि विसाच्या पुढे कुणालाच नवा माणूस नको असतो. त्यात आणखी एक गोष्ट हिशेबाच्या वहीत दिसत नाही. किट घेण्याचे निम्मे कारण आपली गाडी वेगळी दिसावी हे असते. शहापूरच्या नाक्यावर एकाच चेहऱ्याच्या चाळीस थार उभ्या राहिल्या तर त्या किटची किंमत, करणाऱ्याच्या नजरेत, जवळजवळ शून्य होते. साखर किंवा खत वाटून घेताना ही अडचण येत नाही, कारण शेजाऱ्याने तीच साखर खाल्ल्याने आपला चहा फिका होत नाही. म्हणून सहकाराचे जे गणित आपल्याला पाठ आहे ते इथे उलटे फिरते. माणसे वाढली की वस्तू स्वस्त होते आणि तिची हौसही स्वस्त होते. आमच्या मते आठ ते पंधरा ही या धंद्याची नैसर्गिक मर्यादा आहे.

फायबरचे काम

आता शेडमध्ये काय होते ते पाहू, कारण पैशाची निम्मी भांडणे खरे म्हणजे रेझिनची भांडणे असतात.

अस्सल किट आधी धुऊन, घासून, वॅक्सचे थर देऊन गुळगुळीत करतात. त्यावर पीव्हीएचा पातळ थर फवारतात, म्हणजे साचा चिकटत नाही. बंपरच्या कडा आत वळलेल्या असतात. एकसंध साचा काढला तर नग त्यात अडकतो, म्हणून साचा दोन-तीन तुकड्यांत करतात आणि तुकड्यांना फ्लँज ठेवून नटबोल्टने जोडतात. मग जेलकोट. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही एवढा सुकला की त्यावर काचेच्या धाग्याची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन, थरावर थर. ब्रशने दाबत, रोलरने हवेचे बुडबुडे काढत जायचे. साच्याला मागून लोखंडी पट्ट्यांचा किंवा लाकडाचा सांगाडा लावतात, नाहीतर तो वाकतो. हीच सगळी क्रिया पुन्हा साच्याच्या आत केली की नग तयार. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूळ मूर्तीवरून साचा आणि साच्यावरून शेकडो मूर्ती निघतात, तीच ही विद्या. फरक एवढाच की गणपतीच्या सोंडेला हेडलाइटच्या खाचेत बसायचे नसते.

आणि खरी अडचण त्या खाचेतच आहे. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसते. समजा १,८०० मिलिमीटर लांबीच्या बंपरात लांबीला अवघे ०.३ टक्के आकसणे झाले, तर ते ५.४ मिलिमीटर होते. साचा एकदा आकसतो आणि त्यातून निघणारा नग पुन्हा आकसतो. म्हणजे अस्सल किटपेक्षा नक्कल एक सेंटिमीटरने कमी. फोटोत हे दिसत नाही, पण बोनेट आणि बंपरच्या मधल्या फटीत करंगळी जाते. मग पेंटरकडे जाऊन पुट्टी भरायची, बोल्टची भोके लांबट करायची, क्लिपच्या जागी स्क्रू मारायचे. म्हणूनच दर नगाच्या पंधरा हजारांत फिटिंगचा वाटा रेझिनपेक्षा मोठा असतो, आणि वर्गणी ठरवताना नेमका तोच कुणी धरत नाही.

हवामानाची गोष्ट आटगावकरांना वेगळी सांगायला नको. मे महिन्यात शेडमध्ये चाळीसच्या आसपास पारा असतो. नेहमीच्या मापाने हार्डनर घातला तर बादलीतले रेझिन मॅटवर जायच्या आधीच जेली होते आणि तापते. पावसाळ्यात उलट. मॅटमध्ये ओल शिरते, थर पांढुरके पडतात, सुकायला वेळ लागतो आणि महिन्याभराने पापुद्रे सुटतात. शहाणा कारखानदार साच्याचे काम दिवाळीनंतर हातात घेतो. हार्डनर आणि त्याचा वेग वाढवणारे कोबाल्ट हे दोन्ही रेझिनमध्ये एकामागून एक घालायचे असतात. दोन्ही थेट एकत्र केले तर भडका उडतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा, हातमोजे आणि मास्क यांचा खर्च वर्गणीत धरलेला आम्हाला तरी कुठल्या अंदाजपत्रकात दिसलेला नाही, आणि मॅट कापणारा पोरगा बहुधा पाड्यावरून आलेला, रोजावरचा असतो.

गाडीच्या सुरक्षेचा प्रश्न इथूनच निघतो. कंपनीचा बंपर म्हणजे वरची प्लास्टिकची कातडी, तिच्या मागे फोम आणि त्यामागे लोखंडी बीम. कातडी लवचिक असते, धक्का बसला की दबते आणि पुन्हा वर येते. फायबर दबत नाही, तडकते आणि त्याच्या कडा धारदार होतात. नुसती कातडी बदलली तर नुकसान बेताचे. पण किट नीट बसत नाही म्हणून मागचा फोम काढला, बीमची टोके कापली, तर तो गुन्हाच म्हणावा लागेल, कायद्यात असो वा नसो. एअरबॅग कधी फुगायची याचा हिशेब पुढच्या भागाच्या मूळ रचनेवर बेतलेला असतो. काही नव्या गाड्यांत बंपर-ग्रिलच्या भागात रडार असते, ७७ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारे. त्याच्यापुढे जाड फायबर, पुट्टी आणि मेटॅलिक रंगाचे थर आले की ते आंधळे होते. हवेचे तोंड लहान केलेला देखणा बंपर लावून भरल्या गाडीने कसारा घाट चढून पाहावा, टेम्परेचरचा काटाच उत्तर देतो.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. परवानगी नसलेल्या दर बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवावेत. कलम ५२ मधला बदल म्हणजे गाडीच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतला बदल. साइड स्कर्ट त्यात बसवणे अवघड आहे. चाके बाहेर काढून फेंडर रुंद करणे सहज बसते. पुढचे लोखंडी बुल बार तर डिसेंबर २०१७ पासून मंत्रालयाच्याच नजरेत आहेत. विम्याच्या पॉलिसीत किटची नोंद आणि किंमत सांगितलेली नसेल तर अपघातानंतर त्याचे पैसे मागू नयेत, आणि बाकीच्या दाव्यालाही फाटे फुटू शकतात.

दुसरा प्रश्न नकलेचा. परदेशी कंपनीने आपला आकार भारतात डिझाइन्स अधिनियम, २००० खाली नोंदवला असेल तर तिला दहा आणि वाढीव पाच अशी पंधरा वर्षे संरक्षण मिळते. नोंदवला नसेल आणि आकार आधीच जगभर प्रसिद्ध झाला असेल, तर नंतर नोंदवता येत नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम १५ म्हणते की नोंदवता येण्यासारखे पण न नोंदवलेले डिझाइन मालकाने औद्योगिक पद्धतीने पन्नासाहून जास्त वेळा काढले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. त्यामुळे पुष्कळशा आयात किटच्या आकारावर आपल्याकडे हक्क उरलेलाच नसतो. पण आधी नोंदणी तपासावी लागते, गृहीत धरता येत नाही. नोंदवलेल्या डिझाइनच्या चाचेगिरीची व्याख्या मुख्यतः विक्रीच्या हेतूभोवती आहे, म्हणून आपापसात वाटून घेणारा गट आणि बाहेर माल विकणारा कारखानदार यांची कायद्यासमोरची जागा वेगळी ठरू शकते. बोधचिन्हाची मात्र बातच वेगळी. आकाराची नक्कल वादाची असते, नाव आणि चिन्हाची नक्कल फौजदारी असते. इथल्याच मालावर ‘यूएसए’, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, असा शिक्का मारायचा उल्हासनगरचा विनोद ठाणे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे, तो इथे करू नये.

नकलेचा आरोप किती मोठ्यांवर होतो याचा दाखला याच रस्त्यावरच्या कंपनीचा आहे. महिंद्राने १९४७ पासून परवान्याने विलीज जीप जोडली. तिच्याच वंशातली रॉक्सॉर अमेरिकेत विकू लागल्यावर जीपच्या मालक कंपनीने २०१८ मध्ये तक्रार केली, आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने रॉक्सॉरचा चेहरा जीपच्या चेहऱ्याची नक्कल ठरवला. चेहरा बदलून केलेली रॉक्सॉर त्याच वर्षी त्या आयोगापुढे तरी सुटली. आता इकडे लोक थारला पुन्हा परदेशी जीपचा चेहरा लावू पाहतात, हा योगायोग गमतीचा आहे.

साच्याची मालकी

भिशीत दरमहा सगळे पैसे टाकतात, एक जण उचलतो, फेरा पूर्ण झाला की हिशेब शून्यावर येतो. शेवटी काही उरत नाही, म्हणून भांडायलाही काही उरत नाही. किटच्या वर्गणीत शेवटचा नग निघाल्यावर साचा उरतो, आणि चांगला केलेला साचा अजून कितीतरी नग देऊ शकतो. दहा जणांनी दोन लाख घातले असतील तर त्या साच्यात प्रत्येकाचे वीस हजार अडकलेले असतात. अकरावा माणूस थेट कारखानदाराकडे जातो. कारखानदार त्याला पंचवीस हजारांत नग देतो. खर्च पंधरा, नफा दहा, साच्याचे भाडे शून्य. पहिल्या दहांना प्रत्येकी पस्तीस पडलेले असतात. ज्यांनी धोका पत्करला त्यांना ते महाग पडले आणि जो थांबला तो स्वस्तात सुटला, हे एकदा कळले की पुढच्या वेळी कुणीच पहिला व्हायला तयार नसतो. आमच्या मते असे गट सहसा दुसरा किट काढत नाहीत, त्याचे कारण हे.

दोष कारखानदाराच्या नियतीवर ढकलून भागत नाही, कारण बहुधा लिहिलेले काहीच नसते. बिल एकूण रकमेचे असते आणि साचा त्यात कुठेही नसतो. साचा गटाने पैसे देऊन करवून घेतला आणि कामासाठी त्याच्याकडे ठेवला असे लेखी असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ प्रमाणे ती निक्षेपाची वस्तू होते. काम संपले की ती परत द्यावी लागते, आणि मालकाच्या अटीबाहेर वापरता येत नाही. कारखानदारालाही याच कायद्याचे संरक्षण आहे. वस्तूवर केलेल्या कामाची मजुरी थकली असेल तर कलम १७० प्रमाणे ती मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. म्हणजे दोन्ही बाजूंची सोय दीडशे वर्षांपासून कायद्यात आहे. फक्त कागद हवा.

तेव्हा ज्यांना हा उद्योग करायचाच आहे त्यांनी पुढचा बंपर सोडावा आणि साइड स्कर्ट, मागचा स्पॉयलर यांपासून सुरुवात करावी. बीमला करवत लावू नये, चिन्ह लावू नये, माणसे पंधराच्या आत ठेवावीत. बिलात साचा वेगळ्या ओळीत, वेगळ्या रकमेने आणि सगळ्यांच्या नावाने घ्यावा. नंतर येणाऱ्याने साच्यापोटी किती द्यायचे आणि ते आधीच्यांत कसे वाटायचे, हे आकड्यात लिहावे. साचा शेवटी फोडायचा, की किंमत ठरवून कारखानदारालाच विकायचा, हेही पहिली वर्गणी गोळा होते त्याच दिवशी ठरवून सह्या घ्याव्यात. अस्सल किटला एकदा वॅक्स लागला की मग सह्या करायला कुणालाच सवड नसते.